पिंगमामू आणि नऊ नंबरची वायर

ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनासे झाले म्हणून एका माणसाला बोलावलेलं असतं. तो दारात चपला काढतो, आत येतो, कॉम्प्युटरकडे ढुंकूनही बघत नाही आणि म्हणतो, "आधी झाडू द्या." हिंगोलीतले कितीतरी साहेब हे वाक्य ऐकून चक्रावलेले आहेत. कुणाला वाटायचं, चुकून सफाईवालाच आला. कुणाला वाटायचं, हा आपल्या ऑफिसच्या कचऱ्यावर टोमणा मारतोय. मामू मात्र टेबलाखाली शिरून निवांत झाडायला लागायचे. बाहेर काय काय यायचं: टाचण्या, पेनांची टोपणं, शेंगदाण्याची टरफलं, एखादी वाळलेली पाल आणि उंदरानं कुरतडलेल्या वायरीचे निळे तुकडे. ते तुकडे तळहातावर घेऊन मामू साहेबांपुढे धरायचे. "निम्मी बिमारी झाडूतच निघती साहेब. बाकीची बादमदी बघू."

त्यांचं खरं नाव शेख महेबूब. मोटारींचं रिवाइंडिंग करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची. मग टेलिफोनच्या वायरी आल्या, केबल टीव्ही आला, शेवटी कॉम्प्युटर आले आणि मामू एकेक पायरी चढत इथवर पोचले. शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी तेवढंच, जेवढं कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर टाइप करावं लागतं. हळदीच्या दिवसांत मोंढ्यातल्या अडत दुकानांत जाऊन आले की त्यांच्या पांढऱ्या मिशा पिवळ्याधमक व्हायच्या, कारण तिथल्या कॉम्प्युटरांच्या भोकाभोकांतली हळद ते रंगाच्या ब्रशनं काढत बसायचे आणि ती सगळी त्यांच्याच तोंडावर यायची.

पिंगमामू हे नाव त्यांना कुणी दिलं ते माहीत नाही, पण बसलं ते फिट्ट बसलं. काळ्या पडद्यावर 'पिंग' लिहून पुढे दुसऱ्या कॉम्प्युटरचा नंबर द्यायचा. मग हा कॉम्प्युटर त्याला हाक मारतो. तो चालू असेल आणि वाट मोकळी असेल तर उलट उत्तर येतं, पडद्यावर एक ओळ उमटते. मामू हे असं समजावायचे: "बांधावरून हाक मारतेत न्हाई का? समोरून 'ओ' आली की समजायचं, माणूस हाय, जिता हाय, अन् मधी काही आडवं आलं न्हाई."

हाका मारायचा क्रमही ठरलेला. पहिली हाक स्वतःलाच, म्हणजे त्या मशीनला त्याच मशीनवरून. मग शेजारच्या मशीनला, मग भिंतीवरच्या त्या डबीला, जिच्यात सगळ्या वायरी येऊन मिळतात. बाहेरच्या जगाला अगदी शेवटी. लोकांचं बरोबर उलटं असतं. जरा काही अडलं की कंपनीला फोन लावायचा आणि ताटकळत गाणं ऐकत बसायचं. मामू वैतागायचे. "मशीन सोताला 'ओ' देईना, अन् तुमी मुंबईला फोन लावून राहिले. जवळून लांब जावं. लांबून जवळ येणारा दिवसभर भटकतो."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते डोंगरकड्याला, माझ्या काकांच्या खत-बियाण्याच्या दुकानात. मी तेव्हा कॉलेजात होते, सुटीला गेले होते. दुकानात काउंटरवर एक कॉम्प्युटर आणि मागच्या गोदामात एक. दोघं सकाळभर गुण्यागोविंदानं नांदायचे आणि दुपारी तीनच्या सुमाराला अबोला धरायचे. संध्याकाळी पुन्हा सुरू. कंपनीची माणसं दोनदा येऊन डबी बदलून गेली, तरी दुपारी तीनला व्हायचं ते होतच होतं. काकू तर म्हणायला लागल्या होत्या की जागेचाच काहीतरी दोष आहे.

मामू आले ते बारा वाजता. झाडून झालं, हाका मारून झाल्या, सगळ्या बराबर. मग त्यांनी त्यांचा तो नेहमीचा प्रश्न विचारला, "काय हललं?" त्यांचं म्हणणं असं की काल चालत असलेली गोष्ट आज चालत नाही, म्हणजे मधल्या वेळात काहीतरी जागेवरून हललंय. काका म्हणाले, "काहीच न्हाई हललं." मामू म्हणाले, "मंग बसू." आणि खरोखर खताच्या पोत्यांवर मांडी घालून बसले. कॉम्प्युटरला त्यांनी सारखी हाक मारत राहायला लावलं होतं. उत्तराच्या ओळी एकामागून एक येत होत्या. मला म्हणाले, "बेटी, तू ह्या वळीकडं बघत राहा. थांबली की वरड."

तीन तास मी त्या ओळींकडे बघत होते. जेवायलाही उठले नाही. तीन वाजता पश्चिमेकडून काउंटरवर ऊन आलं. मुनीम विठ्ठलराव जांभई देत उठले आणि त्यांनी खिडकीचं दार ओढून घेतलं. ओळ थांबली. मी अशी ओरडले की बाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक आत डोकावलं. मामू उडी मारून खिडकीशी गेले. गोदामातली वायर त्या खिडकीच्या चौकटीवरून आत आली होती आणि दार लावलं की दाराच्या कडेखाली बरोबर चिमटत होती. मामूंनी दार उघडलं, ओळी सुरू. लावलं, बंद. उघडलं, सुरू. चार-पाच वेळा त्यांनी ते दार उघडझाप केलं, पाळण्यातल्या लेकराशी खेळावं तसं, आणि दर वेळी मी पडद्यावरून ओरडत होते, "आली, गेली, आली." माझ्या अंगावर काटा आला होता. त्या दिवशी मला कळलं की मला आयुष्यात काय करायचंय.

काका विठ्ठलरावांवर तोंड टाकायला लागले, तर मामू मध्ये पडले. "माणसाची काय गलती? ऊन लागलं तं दार लावणारच. चौकटीला एक भोक पाडा अन् वायर त्याच्यातून घ्या." नंतर मी त्यांना विचारलं की तुम्ही 'काय हललं' विचारता, पण 'कोणी हलवलं' कधीच का विचारत नाही. ते म्हणाले, "कोणी म्हणलं की माणसं गप होतेत. काय म्हणलं की बोलतेत. मला नेटवर्क चालू करायचंय बेटी, मी काय फौजदार हाय?"

पुढे शिक्षण झालं आणि हिंगोलीत कदम सरांच्या टायपिंगच्या संस्थेत मला शिकवायची नोकरी लागली. घरात लग्नाची बोलणी चालली होती, ती थांबवून ही नोकरी मी पदरात पाडून घेतली होती, त्यामुळे तिला तळहातावरच्या फोडासारखी जपत होते. वीस कॉम्प्युटर आणि निरीक्षकांच्या टेबलावर एक मुख्य मशीन. परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका त्या मुख्य मशीनवर यायची आणि तिथून वायरींमधून वीस जागी पोचायची. ती वाट बंद असेल तर परीक्षा नाही.

आमच्याकडे शिकायला एक कावेरीताई यायच्या. सिद्धेश्वर गावाच्या बाजूच्या. नवरा सरकारी नोकरीत असताना वारला आणि त्याच्या जागी यांना अनुकंपेवर लिपिकाची नोकरी मिळाली, पण ठरलेल्या मुदतीत टायपिंगचं प्रमाणपत्र आणायच्या अटीवर. नाही आणलं तर नोकरी गेली. एकदा त्या थोडक्यात नापास झाल्या होत्या. ऑफिसच्या आधी सकाळच्या एसटीनं येऊन तास करायच्या. बोलायच्या कमी, पण बसल्या जागी त्यांची बोटं मांडीवर चालत असायची. दसऱ्यानंतरच्या सोमवारची परीक्षा ही त्यांच्या मुदतीतली शेवटची परीक्षा होती.

शुक्रवारी आम्ही चाचणी घेतली, सगळं झकास. शनिवारी खंडेनवमी. शेतकरी औतं पूजतो, सुतार करवत पूजतो, आम्ही कॉम्प्युटर पूजले. मी सगळी खोली धुऊन पुसून काढली, प्रत्येक मशीनला हळदीकुंकू लावलं, भिंतीवरच्या डबीला झेंडूची माळ घातली. नऊ नंबरचा कॉम्प्युटर त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता. त्याच्या टेबलावर दुसरा बसवला होता, त्याला वायरही नवी होती. जुनी वायर गुंडाळून डबीवरच ठेवलेली होती, एक टोक डबीत आणि एक टोक मोकळं. पूजेच्या ठिकाणी काही लोंबतं ठेवू नये, असं आईनं लहानपणापासून मनावर बिंबवलेलं. मी ते मोकळं टोक पुसलं आणि डबीतल्या रिकाम्या भोकात बसवून टाकलं. टक् आवाज आला. किती नीटनेटकं दिसतंय, असं वाटून मी त्याच्यावरही कुंकवाचं बोट टेकवलं.

सोमवारी सकाळी वीसपैकी एकाही कॉम्प्युटरला मुख्य मशीन सापडेना. दहाची परीक्षा. बाहेर ओसरीत पोरं-पोरी बसलेली, त्यांच्यात कावेरीताई. निरीक्षकांनी सांगितलं, "अकरापर्यंत सुरू झालं तर ठीक, नाहीतर केंद्राची परीक्षा पुढच्या सत्रात." पुढचं सत्र म्हणजे काही महिने. कदम सरांचा चेहरा पांढराफटक. सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्यानं कुणी हे करून ठेवलंय, त्याला आजच घरी पाठवतो." मामू कळमनुरीला कामावर होते. लूना पिटाळत आले तेव्हा सव्वादहा झाले होते.

"आधी झाडू द्या." मी झाडू दिला. झेंडूच्या दोन पाकळ्या, चार अक्षता, खोबऱ्याचा एक तुकडा. बस. मामू झाडू हातात घेऊन उभेच राहिले. मी त्यांना असं अडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "इतकं साफ," ते पुटपुटले, "म्हंजे सगळंच हललं की." तेवढ्यात सरांना सुचलं की भोकात कुंकू गेलं असणार. मग कापूस आला, काड्या आल्या, सर स्वतः एकेक भोक पुसायला लागले, मशीनं बंद करून पुन्हा चालू केली आणि त्यात पंचवीस मिनिटं गेली. मामूंनी डबीवरची माळ हलक्या हातानं काढली, सरस्वतीच्या तसबिरीला घातली आणि म्हणाले, "सर, कुंकवावर नका टाकू. कुंकवानं एखादं भोक बंद पडंल. वीसच्या वीस कसे बसतील?" सर निरीक्षकांच्या विनवण्या करायला बाहेर धावले. खोलीत आम्ही दोघंच उरलो.

मामूंनी मला डबीपाशी बोलावलं. "ह्ये दिवे बघ." एरवी त्या डबीवरचे हिरवे दिवे वेगवेगळे लुकलुकतात, कधी हा, कधी तो. आज सगळे एकदम, एका ठेक्यात, न थांबता फडफडत होते. "एक बोलतो तवा बाकीचे ऐकतेत," मामू म्हणाले. "इथं सगळेच वरडून राहिले. कुणाची तरी हाक बाहेर जाईना, आतल्या आत घुमून पुन्हा येऊन राहिली." आणि त्या क्षणी मला शनिवारचा तो 'टक्' आठवला. हे मी पुस्तकात वाचलं होतं. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच डबीत बसवली की असं होतं. हाक एका भोकातून निघते आणि दुसऱ्या भोकातून परत येते, वाढत वाढत फिरत राहते आणि बाकी कुणाला बोलायला जागाच उरत नाही.

पावणेअकरा झाले होते. डबीत बावीस-तेवीस निळ्या वायरी, सगळ्या सारख्या, एकमेकींत गुंतलेल्या. मामूंनी एकेक काढून बघायला सुरुवात केली. एक काढायची, दिव्यांकडे बघायचं, परत बसवायची. सापडली असती, पण कधी? ओसरीत निरीक्षकांनी छापील कागद काढला होता आणि पेनाचं टोपण उघडलं होतं. खिडकीतून मला कावेरीताई दिसत होत्या. हॉलतिकीट मांडीवर ठेवून त्या त्याच्यावरच बोटं चालवत होत्या. मामू माझ्याकडे न बघता, डबीकडेच बघत म्हणाले, "परवा काय हललं असंल बरं?"

नोकरी गेली तर घरी काय होणार ते मला लख्ख दिसत होतं. पण ती बोटं थांबेनात. "मामू," मी म्हणाले, "मी एक वायर बसवली. नऊ नंबरची जुनी."

"कंची?"

मी दाखवली. कुंकवाचं बोट अजून होतं तिच्यावर. त्यांनी ती ओढली. सगळे दिवे एक श्वासभर थांबले आणि मग एकेक करून, आपापल्या तालात लुकलुकायला लागले. "मार हाक," मामू म्हणाले. मी धावले. स्वतःला हाक, 'ओ' आली. शेजाऱ्याला, आली. मग मुख्य मशीनला. आली, ओळीमागून ओळ आली. मी वीसही खुर्च्यांमागून पळत सुटले. सात नंबर चालू, अकरा चालू, वीस चालू. दारातून ओरडले, "सर, झालं." निरीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. अकराला तीन मिनिटं कमी होती. मला हसू येत होतं की रडू, ते मला आजही सांगता येणार नाही.

मुलांना आत बोलवायला मामूच बाहेर गेले. खिडकीतून दिसलं, कावेरीताईंनी त्यांना अडवून काहीतरी विचारलं. मामूंनी छातीवर हात ठेवून, मान खाली घालून दोन शब्द सांगितले. मला वाटलं, धीर देताहेत. कदम सरांनी विचारलं, "कुणाचा उद्योग होता?" तर मामू पायात चपला सरकवत म्हणाले, "वायर हलली होती सर. बसली बराबर." सरांनी पुन्हा विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

कावेरीताई पास झाल्या. पेढे घेऊन आल्या तेव्हा मामू आमच्याकडेच काम करत बसले होते. त्यांनी सरांना दिले, मला दिले, शिपायाला दिले आणि मामूंच्या अंगावरून निघून गेल्या. मामू म्हणाले, "एसटी गाठायची असंल तिला," आणि माझ्या हातातला अर्धा पेढा तोडून खाल्ला.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी मामूंच्या हाताखाली शिकले. त्यांचे गुडघे गेले तेव्हा टेबलाखाली मी शिरायची आणि ते खुर्चीवर बसून सांगायचे. बिघाड सापडला की आम्ही दोघं असे खुलायचो की ऑफिसातल्या लोकांना वाटायचं, यांना लॉटरी लागली. आता जिल्ह्यात मला बोलावतात. गेल्या उन्हाळ्यात मामू गेले, झोपेतच. त्यांच्या जाण्यानं मी पोरकी झाले, हे मी इथे सरळच लिहून टाकते.

त्यानंतर चार महिन्यांनी एका सरकारी ऑफिसातून बोलावणं आलं. काम संपवून वर बघते तर समोर कावेरीताई. आता मोठ्या टेबलावर होत्या. चहा मागवला. इतकी वर्षं मनात कुजत असलेली गोष्ट मी त्यांना सांगून टाकली. म्हटलं, "ताई, त्या दिवशी ती वायर मी बसवली होती. तुमची नोकरी माझ्यामुळं जाणार होती."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मंग ते मामू मला काहून म्हणले, माझीच गलती झाली बेटी, माफ कर?"

त्याच सांगत राहिल्या. "त्या दिवसापासून मी त्यांच्याशी जिंदगीत बोलले न्हाई. ह्या ऑफिसात त्यांना बोलवायचं निघालं की मीच म्हणायची, तो माणूस नको, त्याच्या हातून पोराबाळांचं नुकसान होतं. दोन ऑफिसांत सांगितलं मी असं. रस्त्यात सलाम करायचे तं मी तोंड फिरवायची." त्यांनी कप दूर सारला. "आता कुणाला सांगू मी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मामूंच्या घरी गेलो, चाचींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, भेटायला. कावेरीताई जमिनीवरच बसल्या आणि काही न लपवता सगळं बोलल्या. मी माझं बोलले. चाचींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग पदराला डोळे पुसून त्या हसल्या. म्हणाल्या, "वो दिन अच्छा याद है मेरे कू. घर कू आके बोले, आज दो बच्चियों की नौकरी बच गई. भोत खुश थे."

कावेरीताईंनी माझा हात धरला. चाची चहा ठेवायला आत गेल्या, आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.